कारखाना ज्याचा, गाणे त्याचे

नागझिऱ्याच्या रानाचे नाव निघाले की वाघ, बिबट्या, गवे आणि रानकुत्री यांच्या गोष्टी सुरू होतात. ग्रामोफोनच्या तबकडीची गोष्ट तिथून सुरू करणे विचित्र वाटेल. पण मराठी गाण्याच्या मालकीचा इतिहास मुळापासून सांगायचा तर याच रानपट्ट्यात यावे लागते. गोंदिया, भंडारा, बालाघाट या भागात पळस, कुसुम आणि बोर ही झाडे आहेत, आणि त्यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा वसतो. फांदीवर तो राळेसारखा थर चढवतो. तो थर खरवडायचा, कुटायचा, धुवायचा आणि विस्तवापाशी वितळवून पातळ ताणायचा, म्हणजे चपडा तयार होतो. गोंदियात लाख आणि डिंक यांचा व्यापार फार जुना आहे, आणि लाख शुद्ध करणारे कारखाने तिथे आजही आहेत. आता चपडा लागतो तो औषधी गोळ्यांवरच्या लेपासाठी, फळांच्या चकाकीसाठी, लाकडाच्या पॉलिशसाठी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र त्याचे एक मोठे गिऱ्हाईक वेगळेच होते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी म्हणजे दगडाची बारीक भुकटी, काजळी, कापसाचे तंतू आणि या सगळ्याला धरून ठेवणारा चपडा. हा चपडा जगाला प्रामुख्याने हिंदुस्थान पुरवत असे, आणि परदेशी जाणारी जवळजवळ सगळी लाख कलकत्ता बंदरातून निघे. लाखेचे महत्त्व सरकारलाही इतके पटले होते की १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाखेसाठी स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली.

या तबकडीची दोन टोके पाहावीत. एका टोकाला पळसाच्या फांदीवरून लाख उतरवणारा माणूस, दुसऱ्या टोकाला कर्ण्यात तोंड घालून साडेतीन मिनिटांत आपली कला बसवणारा गवई. माल यांचाच होता, पण तयार झालेल्या वस्तूवर दोघांचाही हक्क नव्हता. मालकी मधल्या माणसाकडे राहिली, आणि मधला माणूस म्हणजे तबकडी दाबून काढणाऱ्या यंत्राचा धनी. ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा गवयांच्या आठवणींतून आणि रसिकांच्या हळहळीतून लिहिला जातो. त्यात अमक्या साहेबाची दृष्टी, तमक्या कलावंताचा हट्ट, एखाद्या छापाची लोकप्रियता यांना कारण मानले जाते. माझे म्हणणे असे की ही कारणे दुय्यम आहेत. मालकी बदलली ती दर वेळी गाणे ज्या पदार्थावर उमटते तो पदार्थ आणि ते उमटवणारे यंत्र बदलले तेव्हा. अभिरुची, देशाभिमान किंवा कलावंतांची नाराजी यांनी ती एकदाही बदलली नाही.

सुरुवातच पाहा. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्याला उतरला आणि त्याने गौहर जानसह अनेकांचे आवाज मेणाच्या चकतीवर घेतले. त्या चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला गेल्या, तिथे तबकड्या झाल्या आणि जहाजाने इकडे परत आल्या. कच्चा माल आपला, गाणे आपले, गिऱ्हाईक आपले. फक्त यंत्र हॅनोव्हरला. पहिली काही वर्षे या बाजारात गर्दी होती. निकोल, बेका, ओडियन, पाथे अशा युरोपीय कंपन्यांचे लोक गवई शोधत शहरोशहरी फिरत होते. मराठी रंगभूमीच्या भराचा काळ तोच, त्यामुळे नाट्यगीताला मागणी होती. किराना घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांनी १९०५ मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी गाऊन ठेवले. मग १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात सियालदा येथे स्वतःचा कारखाना काढला आणि बाजाराचा रंग पालटला. प्रतिस्पर्ध्यांच्या तबकड्या अजून समुद्र ओलांडून येत असताना हिच्या तबकड्या देशातच निघू लागल्या. राजधानी तेव्हा कलकत्ता, लाखेचा बाजारही कलकत्ता. नागपूरहून पूर्वेकडे गेलेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियासारखी स्थानके त्याच बंदराला बांधून टाकली होती. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा जर्मन कंपन्यांचा माल आपोआप बंद पडला आणि मैदानात एकच कंपनी उरली. १९२८ मध्ये ती सियालदाहून डमडमला गेली, मोठ्या कारखान्यात. पुढची सुमारे चाळीस वर्षे मराठीत जे काही रेकॉर्डवर ऐकले गेले, त्यातले बहुतेक डमडमच्या दाबयंत्रातून बाहेर पडलेले आहे.

यावर लगेच आक्षेप येईल की मराठी माणसाच्या कपाटात एकट्या एचएमव्हीच्या, म्हणजे ग्रामोफोन कंपनीच्या, रेकॉर्डी नव्हत्या. ओडियन होती, कोलंबिया होती, ट्विन होती, रीगल होती. मग मक्तेदारी कुठली? ही नावे होती हे खरे, पण मालक पाहू. ट्विन हा ग्रामोफोन कंपनीनेच स्वस्त मालासाठी काढलेला छाप. ओडियनची मूळ जर्मन कंपनी १९२० च्या दशकात इंग्रज कोलंबियाने गिळली. आणि १९३१ मध्ये कोलंबिया व ग्रामोफोन कंपनी एकत्र होऊन लंडनमध्ये ईएमआय नावाची कंपनी झाली. म्हणजे त्या सालानंतर दुकानात एचएमव्हीची आणि कोलंबियाची रेकॉर्ड शेजारी ठेवून कुठली घ्यावी याचा विचार करणारा पुण्याचा किंवा नागपूरचा रसिक शेवटी पैसे एकाच धन्याला देत होता. रंगीत लेबले हा विक्रेत्यांच्या सोयीचा भाग. कलकत्त्यात जे. एन. घोष यांनी मेगाफोन काढली, ती देशी मालकीची खरी, पण तिच्या तबकड्या डमडमलाच दाबल्या जात. भाड्याच्या यंत्रावर उभ्या राहिलेल्या स्पर्धकाची दोरी यंत्रवाल्याच्या हातात असते. भाव त्याचा, पाळी त्याची.

एचएमव्हीच्या त्या सुप्रसिद्ध कुत्र्याचीही हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. फ्रान्सिस बारो या चित्रकाराने आपले कर्ण्याशी बसलेल्या कुत्र्याचे चित्र १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीला शंभर पौंडांत विकले; त्यात चित्रही आले आणि त्याचा स्वामित्वहक्कही. ज्या चिन्हाखाली पुढे हजारो कलावंतांनी आपले हक्क एकरकमी दिले, ते चिन्ह स्वतःच एकरकमी व्यवहारातून आलेले आहे. याच चित्राने आणखी एक गुंता केला. हॅनोव्हरची जर्मन शाखा युद्धकाळात शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त होऊन १९१७ मध्ये विकली गेली आणि लंडनच्या मूळ कंपनीपासून कायमची तुटली. तिला कुत्र्याचे चिन्ह जर्मनीबाहेर वापरता येईना, म्हणून निर्यातीच्या मालासाठी तिने पॉलिडोर हे नाव घेतले. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे मुंबईत त्याची गाठ पडणार आहे.

मराठीच्या बाजूने पाहिले तर सगळ्यात बोलके उदाहरण ‘शीळ’ या भावगीताचे. कवी ना. घ. देशपांडे मेहकरचे. गायक जी. एन. जोशी हेही विदर्भातून आलेले, वकिलीचे शिक्षण घेतलेले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची ही रेकॉर्ड निघाली आणि नाट्यगीताच्या सावलीतून भावगीत स्वतंत्र चालू लागले. पुढे १९३८ मध्ये जोशी स्वतः एचएमव्हीत अधिकारी झाले आणि कितीतरी मोठ्या गवयांना त्यांनी माइकपुढे बसवले. म्हणजे वैदर्भीय कवी, वैदर्भीय गायक, ध्वनिमुद्रण मुंबईत, तबकडी डमडमला, चपडा पूर्वेकडच्या रानांतला आणि नफा लंडनच्या खात्यात. भावगीताला ‘अस्सल मराठी’ म्हणताना या फेऱ्याची आठवण कुणी ठेवत नाही. ठेवायलाच हवी असेही नाही. पण मालकीचा प्रश्न आला की ठेवावी लागते.

मराठी भांडवल तेव्हा नव्हते का? होते. प्रभात फिल्म कंपनी त्याच काळातली. चित्रपटासाठी स्टुडिओ, प्रयोगशाळा, कारागीर हे सगळे कोल्हापूर-पुण्यात उभे राहू शकले, तर तबकडीसाठी का नाही? याचे उत्तर मुंबईच्या एका कंपनीने दिले आहे. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ मध्ये ‘यंग इंडिया’ हा छाप काढला आणि वडाळ्याला स्वतःचा कारखाना घातला. स्वतःचा कारखाना, हे महत्त्वाचे. नामांकित गवई एचएमव्हीशी कराराने बांधलेले असल्यामुळे या कंपनीने नव्या, हौशी, दुय्यम समजल्या गेलेल्या गायकांकडून गाऊन घेतले आणि १९५५ पर्यंत ती टिकली. वीस वर्षे! बलाढ्य परदेशी कंपनीसमोर, युद्धाच्या टंचाईत. भाड्याने दाबून घेणाऱ्यांपैकी कुणालाही असे स्वातंत्र्य नव्हते. गायक साधारण, जाहिरात तुटपुंजी, तरी टिकाव लागला तो यंत्र आपले होते म्हणून. आणि ती बंद पडल्यावर तिची गाणी विखुरली ती इतकी, की आज त्यांचा माग मुख्यतः हौशी संग्राहकांच्या कपाटांतून काढावा लागतो. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने असले दुर्लक्षित छाप कागदावर आणले नसते, तर या कंपनीचे नावही उरले नसते.

इथेच माझ्या मुद्द्याला सगळ्यात वजनदार विरोध होतो. विरोधक म्हणेल, तुम्ही मक्तेदाराला बोल लावता, पण जतन केले ते त्यानेच. यंग इंडियाच्या गाण्यांची धूळधाण झाली आणि एचएमव्हीची जुनी गाणी आजही ऐकू येतात. शिवाय रेकॉर्डला नकार देणाऱ्यांचे काय झाले? भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचा हा गुरू, पण त्याचा आवाज आज कुठेही नाही. अल्लादिया खाँ यांचेही तसेच. कंपनी लुटारू असेल, पण तिच्यामुळे पणतवंडांना पणजोबांची गायकी ऐकता येते. हा विरोध अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा मी मानतो. ध्वनिमुद्रणाला पैसा लागतो, धोका पत्करावा लागतो, कित्येक तबकड्या विकल्या जात नाहीत तरी त्या काढाव्या लागतात. पण जतन करणे आणि मालक असणे ही दोन कामे आहेत. कंपनीने जे राखले ते विकण्याजोगे होते म्हणून. जे विकले जात नव्हते त्याची यादी तिने कधी राखली नाही. झाडीपट्टीचे उदाहरण घ्या. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या मुलखात दिवाळीनंतर रात्रभर नाटके चालतात. दंडार आहे, खडी गंमत आहे, प्रेक्षक तिकीट काढून हजारोंनी येतात. नाटक आणि गाणे यांच्यावर जगणारा एवढा मोठा प्रदेश, पण ७८ फेऱ्यांच्या काळातली मराठी सूची चाळली तर ती पुणे, मुंबई, कोल्हापूर या पट्ट्याची आहे: नाट्यगीते, भावगीते, अभंग, लावण्या, पोवाडे. लाख त्या रानातून जावी आणि गाणे मात्र एकही रानातले नसावे, हा योगायोग नाही. कंपनीच्या लेखी तो मुलूख कच्च्या मालाचा होता, श्रोत्यांचा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाने चपड्याची किंमत सगळ्यांना कळवली. अमेरिकेने एप्रिल १९४२ मध्ये रेकॉर्डसाठी चपडा वापरण्यावर असा निर्बंध घातला की वापर सत्तर टक्क्यांनी खाली आला. युद्धसाहित्याला तो हवा होता आणि हिंदुस्थानातून जहाजे सुखरूप पोहोचतील याची खात्री नव्हती. त्या टंचाईतच कृत्रिम पदार्थांचा शोध वेगाने पुढे गेला, आणि १९४८ मध्ये अमेरिकेत प्लास्टिकची लाँगप्ले तबकडी आली. भारतात चपड्याच्या रेकॉर्डी १९७० च्या आसपासपर्यंत रेंगाळल्या, पण गोंदियाच्या लाखेचा गाण्याशी संबंध सुटायला सुरुवात झाली होती. मालकी मात्र जिथल्या तिथे. १९४६ मध्ये कंपनीची भारतीय शाखा स्वतंत्र नोंदणीची कंपनी झाली आणि पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला, तरी समभाग ईएमआयकडेच राहिले. बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, विम्याचे झाले, गाण्याचे कुणाला सुचले नाही. आकाशवाणीने १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायण घरोघर नेले; ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत आणि खर्च सरकारचा. पण ते गीतरामायण श्रोत्याला आपल्या घरी विकत आणून ठेवायचे झाले तेव्हा ते एचएमव्हीच्याच तबकड्यांवर मिळाले.

कलावंतांची नाराजी मालकी हलवू शकते का, याची परीक्षा १९६० च्या दशकात झाली. लता मंगेशकरांनी पार्श्वगायकाला रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. मोहम्मद रफी यांचे मत वेगळे पडले, आणि दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद केले. हिंदी चित्रपटसृष्टीतले दोन सर्वांत मोठे आवाज एकमेकांपासून दूर गेले, रसिक हळहळले. कंपनीच्या मालकीला मात्र ओरखडाही उमटला नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता. निर्मात्याने तो हक्क कंपनीला लिहून दिला की कवी आणि संगीतकार बाजूला. निकालपत्रातच न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात काहीच स्थान नसल्याची खंत नोंदवली. पण खंतीने करार फिरत नसतात.

मालकी फिरली ती यंत्राने. १९७० च्या सुमारास पॉलिडोर मुंबईत आली. तीच ती, लंडनपासून तुटलेली हॅनोव्हरची जर्मन शाखा. १९०२ ला एकाच घरात असलेले दोन भाऊ सत्तर वर्षांनी मुंबईच्या बाजारात एकमेकांचे वैरी म्हणून उभे राहिले, हे तेव्हा किती जणांच्या ध्यानात आले असेल कोण जाणे. पॉलिडोरने ‘शोले’चे संवाद तबकडीवर काढले आणि गाण्याशिवायही तबकडी खपते हे दाखवून दिले. पण खरा घाव तिने नव्हे, कॅसेटने घातला. तबकडीच्या कारखान्याला जागा, वाफ, धातूचे साचे, तंत्रज्ञ लागत. कॅसेटची नक्कल करायला एक खोली पुरे. खुद्द सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या १९८४ च्या एका खटल्यात ग्रामोफोन कंपनी कलकत्ता बंदरातून नेपाळकडे निघालेल्या चोरट्या कॅसेटींचा माल अडवू पाहत होती. ज्या बंदरातून एके काळी लाख बाहेर जाई आणि ज्याच्या जोरावर कंपनी मोठी झाली, त्याच बंदरातून आता तिच्या मक्तेदारीला भगदाड पडत होते. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने १९८३ नंतर स्वस्त कॅसेटींचा पूर आणला आणि कायद्यातली एक पळवाट पकडून गाजलेल्या गाण्यांच्या नव्या गळ्यांतल्या आवृत्त्या काढल्या. ईएमआयला हा धंदा नकोसा झाला. १९८५ च्या सुमारास तिने आपला भारतीय वाटा गोयंका यांच्या आरपीजी समूहाला दिला. स्वातंत्र्यानंतर अडतीस वर्षांनी कंपनी देशी झाली, आणि तीही देशप्रेमाने नव्हे, टेपच्या भावाने.

कॅसेटने मराठीचे काय केले? पुष्कळ भले केले. पुण्यात अलूरकर आणि फाउंटन, मुंबईत व्हीनस, टिप्स, विंग्ज, कृणाल अशी नावे उभी राहिली. बड्या कंपनीला जो श्रोता दिसत नव्हता तो या लोकांना दिसला. भीमगीते, कोळीगीते, यात्रेतली भक्तिगीते, कीर्तने, वग, वऱ्हाडी विनोद हे सगळे पंढरपूरच्या वाळवंटापासून दीक्षाभूमीच्या रस्त्यापर्यंत ढीग मांडून विकले गेले. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज रेकॉर्डवर आधीही होते, पण रिक्षात, चहाच्या टपरीवर, वस्तीतल्या लग्नात ते पोहोचले कॅसेटमुळे. यंत्र स्वस्त झाले की तोंडे वाढतात, या माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही. मात्र कुणी म्हणेल की मग मालकीचा प्रश्नही सुटलाच असेल. नाही सुटला. नव्या छोट्या मालकांनीही बहुधा एकरकमी पैसे टेकवून सही घेतली. कागद जुनाच, खालचे नाव नवे. मालक परका होता म्हणून कलावंत नागवला गेला हा समज इथे मोडतो. देशी मालक, मराठी मालक, गावातला मालक यांनी वेगळा करार केला असे सरसकट दिसत नाही. यंत्र कोणाकडे यावरून कोण गाईल ते ठरते. गाणाऱ्याला काय मिळेल ते ठरवायला कायदा लागतो.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण तो वेगाने घडला आणि त्यात आपला सहभाग कमी. ग्रामोफोन कंपनी २००० मध्ये सारेगामा झाली. पॉलिडोरची भारतीय कंपनी म्युझिक इंडिया, मग पॉलिग्राम असे करत १९९८ च्या जागतिक खरेदीनंतर युनिव्हर्सलच्या पोटात गेली. तिकडे ईएमआय २००७ मध्ये टेरा फर्मा या गुंतवणूक कंपनीने कर्ज काढून घेतली, कर्ज फेडता आले नाही म्हणून २०११ मध्ये सिटी बँकेच्या ताब्यात गेली आणि २०१२ मध्ये तिचा रेकॉर्डचा व्यवसाय युनिव्हर्सलने घेतला. हॅनोव्हर आणि लंडन ही दोन तुटलेली घराणी शंभरेक वर्षांनी एकाच छपराखाली आली. मराठी गाणी या उलथापालथीतून वाचली ती केवळ १९८५ च्या त्या विक्रीमुळे. ती झाली नसती तर बालगंधर्वांच्या पदांचा ताबा काही काळ एका अमेरिकी बँकेकडे असता. हे ऐकायला हास्यास्पद वाटते, पण कागदोपत्री तसेच झाले असते. २०१७ मध्ये सारेगामाने कारवाँ नावाचे पेटीसारखे यंत्र काढले, पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली, आणि ज्येष्ठ श्रोत्यांनी ते आनंदाने घेतले. गाणी जुनी, यंत्र पुन्हा मालकाचे. डमडमची युक्ती नव्या पेटीत. ‘सैराट’च्या गाण्यांनी २०१६ मध्ये महाराष्ट्र नाचवला, ती झी म्युझिकची. तिथे तबकडी नाही, कॅसेट नाही. यंत्र म्हणजे आता वाहिन्या आणि फोनवरचे मंच.

कायद्याने मात्र या शतकात दोन गोष्टी केल्या, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या जात नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी पिढ्यान्‌पिढ्या ते गोळा करणाऱ्यांना दिली. त्या वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपान यांच्या जोडीला लाखही नावानिशी आहे. २०१२ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपट व ध्वनिमुद्रिकांतल्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा असा केला की तो त्यांना कंपनीला लिहून देताच येऊ नये. गायकांचे हक्कही वाढवले. तबकडीची जी दोन टोके शंभर वर्षे मोकळी होती, ती सहा वर्षांच्या अंतराने कायद्यात आली. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. त्याच्या भोवतालच्या गावांना वनोपजाचा हक्क कागदावरून प्रत्यक्षात आणताना वनखात्याशी किती झगडावे लागते हे ग्रामसभांना माहीत आहे. गीतकारांचे झगडेही तितकेच लांब चालतात. आक्षेप असा घेतला जातो की असे न सोडता येणारे हक्क दिले तर कंपन्या पैसाच घालणार नाहीत. २०१२ नंतर मराठी चित्रपटसंगीतात पैसा आटलेला दिसत नाही, उलट कंपन्या जुने संग्रह विकत घेण्यासाठी चढाओढ करतात. माल फायद्याचा आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

एक प्रश्न तरीही उरतो, तो जतनाचा, आणि त्याचे उत्तर मालकी बदलून मिळणारे नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. त्याहून जुन्या रेकॉर्डी आता सर्वांच्या झाल्या आहेत. शब्द आणि चालीचे हक्क मात्र कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षे चालतात, म्हणून माडगूळकरांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि फडक्यांच्या चाली २०६२ पर्यंत राखीव आहेत. पण हक्क संपला म्हणून वस्तू हाती येत नाही. तबकडी संग्राहकाकडे किंवा कंपनीच्या गुदामात असते, आणि ती दाखवायची सक्ती कुणावर नाही. पुस्तकाची गोष्ट वेगळी आहे. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना द्याव्या लागतात; मालक कुणीही असो, प्रकाशन संस्था राहो न राहो, पुस्तक कुठेतरी नोंदलेले असते. त्या कायद्यात ध्वनिमुद्रिका नाहीत. १९५४ मध्ये त्या घातल्या असत्या तर वडाळ्याच्या कारखान्याचा माल निदान त्याच्या शेवटच्या वर्षात तरी सरकारी फडताळात गेला असता, आणि यात्रेत विकल्या गेलेल्या कॅसेटींची सूची आज कुणाला तरी छापता आली असती. कंपन्यांना यात तोटा नाही, प्रतीवरून हक्क जात नाही. प्रकाशकांचा गेला नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या कायद्यात एक शब्द वाढवण्याइतके हे काम आहे, आणि ते करण्यासाठी सारेगामा कुणाची, युनिव्हर्सल कुणाची, हे आधी ठरवावे लागत नाही.